पेरिल्ला

हॅन्कॉक, मिशिगन
१४ जानेवारी

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते.

परवा तुझा जावई मुलाखतीसाठी नोव्हायला निघाला. दहा तासांचा रस्ता, त्यात बर्फ. संध्याकाळ झाली तरी फोन नाही. घरमालकीण हेलमीकाकू मूळची फिनलंडची. ती माझ्याजवळच बसून राहिली. म्हणाली, "आमच्यात मुक्कामी पोचलं की 'पेरिल्ला' म्हणतात."

आठला सिद्धेशचा फोन आला. गाडी बर्फात रुतली होती, पण त्याला लागलं नाही. काकूने त्याच्याकडून तो शब्द म्हणवून घेतला, तेव्हा मला रडू फुटलं.

बाबा तपासणीला एकटेच स्कूटरवर जातात, असं दादा म्हणाला. खरं का? तू तर रिक्षा म्हणाली होतीस.

तुझी,
रुचा