तळ्याकाठची जागा मीच निवडली

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. सरळ व्हायला वेळ लागला, म्हणून पत्राला उशीर.)

गेले काही दिवस कानात एक जुना आवाज येतो आहे. तुझ्या टाळीचा. दिवेलागणीला मी मागच्या पायरीवर उभा राहून शाळेची कविता म्हणायचो आणि तू टाळ्या वाजवायचीस. कधी कडव्याच्या मध्येच, कधी माझ्या कानाशी, कधी थेट पाठीवर. एवढी मनापासून दाद देणारा श्रोता मला पुन्हा भेटला नाही. तू डास मारत होतीस, हे तू माझ्या लग्नात सांगितलंस, तेही नव्या नवरीसमोर. ती इतकी हसली की मला रागावताही आलं नाही. आता ती नाही आणि हसणंही नाही. टाळ्या मात्र ऐकू येतात.

तुझा गुडघा कसा आहे? डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. तरी कुणाकडून वाचून घेणार असशील, तर शेवटचा ताजा कलम त्याला वाचू देऊ नकोस.

मी बरा आहे, म्हणजे तक्रार करण्याइतका बरा आहे. तुझ्या भाचीला मात्र ते पटत नाही. आई गेल्यापासून तिने एकच धोशा लावलाय : बाबा, घर बंद करा आणि आमच्याकडे चला. तिच्याकडे झोपायच्या खोल्या दोन. एकीत ती आणि जावईबापू, दुसरीत विहीणबाई, म्हणजे जावईबापूंच्या मातोश्री. मी गेलो की ती खोली मला आणि विहीणबाई बाहेर सोफ्यावर, असा बेत. मी एकटा राहण्याच्या लायकीचा उरलो नाही, याचे पुरावे भाचीकडे भरपूर आहेत. दूध उतू जाऊन गॅस विझला, तेव्हा मी शेजारच्या खोलीत पाचवीतल्या कवितेची हरवलेली ओळ शोधत होतो. (सापडली. पण कुणी विचारलं नाही.) दुसऱ्यांदा, दार ओढून घेतलं आणि किल्ली आतच राहिली. खिडकीतून हात घालून काढायला गेलो, तर शेजारीण चोर चोर म्हणून ओरडली, आणि मीही घाबरून तिच्यासोबत ओरडलो.

पण ताई, संध्याकाळी मी स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत येरझाऱ्या घालत मोठ्याने कविता म्हणतो. पलंगावरच्या तुझ्या भावजयीच्या बाजूकडे तोंड करून म्हणतो. हे विहीणबाईंच्या सोफ्यासमोर, टीव्हीच्या आवाजात कसं जमणार? तिकडे गेलो तर मी राहीन, पण गप्प राहीन.

असो. तर उन्हाळ्याची सुट्टी काढून भाचीने तळ्याकाठी तंबूत राहण्याचा घाट घातला. म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यात. तंबूची जागा तुम्हीच निवडायची." मी ओळखलं, ही परीक्षा आहे. स्पष्टच विचारलं. तीही माझीच मुलगी, स्पष्टच बोलली, "हो. नीट जमलं तर वर्षभर घराचा विषय काढणार नाही." विहीणबाई गाडीत मागे बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आणि नाही जमलं तर?"

आता तुला जागा सांगतो, तूच न्याय कर. वर एक उघडं, खडकाळ टेकाड. झाड नाही, झुडूप नाही, नुसता वारा. बाकी सगळ्यांचे तंबू तिथेच, एकाला एक चिकटून. खाली तळं. हिरवं, स्थिर पाणी, काठाला उंच गवत, पाण्यावर ओणवं झालेलं झाड आणि त्याच्याखाली वाळक्या पानांची गादी. ताई, शाळेच्या पुस्तकात दर दोन धड्यांनंतर जे चित्र यायचं ना, ते तिथे उभं होतं! माझा मोजणीतला सगळा अनुभव (ओल कुठे, उतार कुठे, हे मी नुसत्या टाचेने सांगू शकतो) त्या क्षणी वाहून गेला. मी तळ्याकाठी काठी रोवली.

"व्याही, बाकीचे सगळे वर का गेलेत?" विहीणबाईंनी विचारलं.

"त्यांना दृष्टी नाही."

"त्यांना वारा आहे," असं म्हणून त्यांनी पिशवीतून टोपी काढली. टोपीला चारी बाजूंनी मच्छरदाणीचं कापड शिवलेलं. अंगात पांढरा, लांब बाह्यांचा झगा, पायजम्याची टोकं मोज्यात खोचलेली. भर उन्हाळ्यात! मी मनात हसलो. मी स्वतः गडद निळा शर्ट घातला होता आणि मानेला अत्तर लावलं होतं, कारण संध्याकाळ आहे, तळं आहे, माणसाने काही तयारी करायला हवी. जावईबापूंना मी म्हटलं, मोकळ्या हवेत कपडेही मोकळेच हवेत. ते बिचारे अर्ध्या चड्डीवर आले. भाचीने अंगाला लावायचं मलम पुढे केलं, तर मीच म्हणालो, "गवताचा वास घेऊ दे ग, औषधाचा कसला घेतेस?" तिने माझ्याकडे बघितलं आणि मलम पिशवीत ठेवलं. माझं मन राखायला ठेवलं. ते आठवलं की मला जेवण जात नाही.

सूर्य टेकला. मी तंबूचं तोंड उघडं ठेवून आत कंदील लावला आणि म्हणायला सुरुवात केली. पहिलं कडवं होईपर्यंत चिलटं आली. दुसऱ्याला डास. तिसरं मला नीट ऐकूच आलं नाही, कारण तंबूभर टाळ्या वाजत होत्या. (यावेळी गैरसमज झाला नाही.) ताई, पाठ्यपुस्तकातला कवी रोज सायंकाळी पाण्याकाठी बसतो, त्याला शांती लाभते, आणि इतक्या वर्षांत तो एकदाही खाजवत नाही. माझी आता खात्री झाली आहे की ही माणसं घरात बसून, खिडकी लावून लिहीत असावीत. पुढचं लिहीत नाही. उजाडलं तेव्हा जावईबापूंचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा माझ्याकडे रोखलेला. त्यांच्या पोटरीला गोचीड चिकटली होती, ती विहीणबाईंनी चिमट्याने ओढली. भाचीचा वरचा ओठ एवढा सुजला होता की ती रागावली तरी हसल्यासारखी दिसत होती.

आणि मी? मला एकही चावला नाही. अत्तर लावलेल्या मानेलासुद्धा कुणी शिवलं नाही. जावईबापू म्हणाले, "बाबांना बघा, काहीच नाही!" जाळीआडून विहीणबाई म्हणाल्या, "डासांनाही ताजं लागतं."

सगळे हसले. मीही हसलो. मग हात धुवायच्या निमित्ताने पाण्यापाशी जाऊन उभा राहिलो. भाची मागून आली. ओठामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं, तरी म्हणाली, "बाबा, मी रागावले नाहीये. भीती वाटते. मी नसताना तुम्ही असंच काहीतरी सुंदर बघाल आणि..." जावईबापूंनी गाडीत जाहीर केलं, या रविवारी बाबांचं सामान न्यायला टेम्पो येईल. विहीणबाईंनी टोपीची जाळी पुन्हा तोंडावर ओढली.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद. औषध वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

ता. क. डासांच्या चाव्यावर काय लावायचं ते कळव. भाचीला सांगेन. माझ्या नावावर तेवढं तरी काही चांगलं जमा होईल.

ता. क. (हा कुणाला वाचू देऊ नकोस.) ताई, एक काम कर. तुझ्या भाचीला दोन ओळी लिही की तू कायमची माझ्याकडे राहायला येते आहेस. सोबत आहे म्हटल्यावर ती टेम्पो पाठवणार नाही. तू यायला हवं असं नाही, नुसतं लिही. तुझ्या मुलांकडे तू सुखात आहेस, मला ठाऊक आहे. उन्हाळाभर ती फोन करेल तेव्हा मी तुला अंघोळीला पाठवत जाईन.

ता. क. वरचं सगळं रद्द. खोटं लिहू नकोस. खरंच ये, आणि हे पत्र पोचायच्या आत निघ. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दार वाजलं. टेम्पोवाला लवकर आला असं वाटून मी आधी उघडलंच नाही. उघडलं तर विहीणबाई. एकट्या. हातात बॅग, काखेत गुंडाळलेली उशी, आणि मागे त्यांचा टेबलफॅन उचलून उभा असलेला रिक्षावाला. मी "या" म्हणायच्या आत त्यांनी चपला काढल्या आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारलं, "माझी खोली तुम्हाला दिली म्हणे. मग इथली माझी कुठली?"