पाच वाजताचा अभ्यास

वॉटफर्ड,
९ एप्रिल २०२५

चि. देवयानी,
सप्रेम जय भीम.

आज बुधवार. दिवसभर ढगाळ होतं. सकाळी डॉक्टरांच्या सर्जरीत जाऊन ब्लड प्रेशर दाखवून आलो. दुपारी तनूने आणि मी खिचडी खाल्ली. संध्याकाळी कपडे वाळत घातले.

घर लहान आहे, फोनवर बोललेलं तुझ्या लेकीला ऐकू जातं, म्हणून लिहितो. तू सांगितल्याप्रमाणे सोमवारी ती सुट्टीला आल्याबरोबर तिचा मोबाइल मागून घेतला. कुलूप लावणं मला बरं वाटेना. म्हणून तो बुद्धवंदनेच्या शेल्फवर, तुझ्या आईच्या फोटोशेजारी ठेवला. तिथली वस्तू आपल्या घरात कोणी मनाने उचलत नाही. तनूने एकदा बघितलं, वाद घातला नाही. मला वाटलं होतं निदान तोंड तरी फुगवेल. दिवसभर केमिस्ट्री घेऊन बसते.

प्रकृती सांभाळ. सवड मिळाली की चार ओळी पाठव.

तुझे बाबा


लीड्स,
११ एप्रिल

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. आपल्या घरात सगळ्यात हळवे तुम्ही, तरी मुद्दाम तुमच्याकडे पाठवली होती. तुम्हाला जमलं याचं नवलच वाटलं. आता आठवडाभर तरी विरघळू नका.

जानेवारीत आई गेली आणि तनू त्या छोट्या व्हिडिओंमध्ये बुडाली. मॉक परीक्षेत केमिस्ट्रीला डी आला. रेडिओग्राफीच्या कोर्सला बी लागतो आणि पेपर जूनमध्ये आहेत. या वेळी जागा गेली तर वर्ष गेलं. ती म्हणते, मी फोनवर अभ्यासच करते. बाबा, मी शाळेत नोकरी करते. हे वाक्य रोज दहा मुलं मला ऐकवतात.

गोळ्या वेळेवर घ्या. राग नसावा.

तुमची देवयानी


वॉटफर्ड,
१५ एप्रिल

चि. देवयानी,
सप्रेम जय भीम.

मी मोबाइल परत दिला. आधी पूर्ण वाच, मग रागाव.

तो रोज पाच वाजता वाजायचा. मी वाजू द्यायचो. काल जयंती. सकाळी विहारात गेलो होतो, घरची वंदना राहिली ती पाचला करायला उभा राहिलो. नेमका तो वाजला. बंद करायला गेलो तर माझ्या हातून व्हिडिओ कॉल सुरूच झाला. पडद्यावर दोन वह्या आणि दोन हात लिहिताना दिसत होते. चेहरा कोणाचाच नाही. मग मीनल नावाच्या मुलीने वाकून बघितलं आणि तनू बरी आहे ना असं विचारलं. तिचं मराठी जरा अडखळत होतं, पण ती 'आजोबा' म्हणाली.

तिने जे सांगितलं ते असं. फेब्रुवारीत तनूनेच हे सुरू केलं. मोबाइल चहाच्या मगला टेकवून कॅमेरा वहीवर ठेवायचा. पन्नास मिनिटं कोणी बोलायचं नाही. नंतर दहा मिनिटं जिचं अडलं असेल तिला बाकीच्यांनी समजवायचं. बसण्याआधी प्रत्येकीने व्हिडिओंचं अ‍ॅप काढून टाकलेलं दाखवायचं. तनू नाही म्हणून एक मुलगी बसायची बंद झाली होती. मीनल म्हणाली की चौघींना रोज वेळेवर बसवणं फक्त तनूला जमतं.

मी तनूला विचारलं, हे मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली की मम्मीला दोनदा सांगितलं होतं. आणि आजीजवळ ठेवलेली गोष्ट मी कशी मागणार. आठवडाभर ती एकाच धड्यावर अडकली होती आणि मी तिला शहाणी म्हणत होतो. जानेवारीत दिवसदिवस व्हिडिओ बघितले, मम्मीचं तेवढं खरं आहे, हेही तिने आपणहून कबूल केलं. स्वतःची चूक ओळखून स्वतःच वाट काढणारं माणूस मी फार बघितलेलं नाही. मी हात जोडून वंदना केली आणि मोबाइल तिच्या हातात दिला. आता रोज पाचला मी दुसऱ्या खुर्चीवर गप्प बसतो.

मला जे योग्य वाटलं ते केलं. माया कमी करू नकोस.

तुझे बाबा


लीड्स,
१४ ऑगस्ट

ती. बाबांस,
सविनय जय भीम.

फोनवर तनूनेच सगळं सांगितलं, तरी हे मला लिहायचं होतं. केमिस्ट्रीला बी, जागा पक्की. मीनललाही हवं ते मिळालं. निकाल उघडण्याआधी तनूने चौघींचा कॉल लावला आणि सगळ्यांनी एकदम उघडला.

तुमच्यावर मी तीन आठवडे रुसले होते. खरं म्हणजे मी तिला विचारलंच नव्हतं, नुसतं सांगत होते. परवा तिची माफी मागितली. ती म्हणाली, इट्स फाइन मम्मी, आणि चहा ठेवायला उठली. आईसुद्धा असंच करायची.

लवकर इकडे या. आम्ही वाट बघतो.

तुमची देवयानी


वॉटफर्ड,
१७ ऑगस्ट

चि. देवयानी,
सप्रेम जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. तनूला म्हणावं, आजोबांना तिचा अभिमान वाटतो. मला समोरासमोर असं बोलता येत नाही. सप्टेंबरमध्ये येतो. आहे ते प्रेम असू दे.

तुझे बाबा

ता. क. तुझ्या आईच्या, कल्याणीच्या, पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर आलेली सांत्वनाची पत्रं मी अजून उघडली नव्हती. आज पाच वाजता टेबलाशी बसलो, नागपूरच्या गयाबाईंचं उघडलं आणि उत्तर लिहिलं. पन्नास मिनिटं लागली. मग चपला घातल्या आणि ते टपालपेटीत टाकून आलो.