गोळीला हात लावायचा नाही

अण्णा, तुमच्या नातीचा चांगला हात मी रोज दुपारी बांधून ठेवते. ऐकूनच तुम्ही ओरडला असता. उजव्या हाताला मोजा घालते, वरून ओढणी गुंडाळते. ती रडते. जन्मताना तिच्या मेंदूत रक्त अडकलं, तेव्हापासून डावा हात मुठीतच राहतो. आता तीन वर्षांची झाली. हिमायतनगरच्या थेरपीवाल्या मॅडम म्हणतात, मेंदूचा तेवढा भाग गेला तरी बाजूचा भाग त्याचं काम शिकतो, पण लहानपणीच, आणि हाताला काम दिलं तरच. मी म्हटलं, मॅडम, पोरगी लई रडते हो. तर म्हणाल्या, "सीधा हाथ सब कर देरा, फिर उल्टा कायकू सीखता अम्मा? बांधो." लहानपणीच म्हणजे कधीपर्यंत, ते काही सांगत नाहीत. तेच डोक्यात फिरतं, गॅसवर भाजी जळते.

तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. असता तर तुमची होमिओपॅथीची पेटी उघडली असती. काचीगुड्याच्या घरी रविवारी लोक जिन्यापर्यंत बसलेत, तुम्ही बनियनवर, "जीभ काढ" म्हणता, साबुदाण्याएवढ्या गोळ्या शिशीच्या झाकणात घेऊन तशाच जिभेवर टाकता. एकदा सांडलेल्या मी वेचून खाल्ल्या, तर केवढे ओरडलात! "हात लावला की दवा मेली!" शाळा माझी सुटली, पण हे पक्कं राहिलं.

पोरगी मणी धरत नाही, चणे धरत नाही. गोडासाठी तरी धरेल म्हणून चिक्कडपल्लीच्या होमिओपॅथीच्या दुकानातून कोऱ्या गोळ्या आणल्या, दवा न टाकलेल्या, नुसती साखर. हे हसले, "आता बापाची डॉक्टरी पोरीवर का?" ताटलीत गोळ्या ठेवते, ती डाव्या मुठीनं नुसती ढकलते, गोळ्या फरशीभर. आज मात्र मूठ जराशी उघडली. अंगठा पुढं आला, गोळी सटकली, परत आला. एक चिमटीत आली, अण्णा! मी उभी राहून ओरडतेय, "हात लाव, हात लाव गं!"

उद्या तो हात परत मूठ धरून बसेल का, माहीत नाही. तुमच्या दवेनं काही झालं असतं का, तेही माहीत नाही. हा कागद तरी कुठं टाकू, पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक गोष्ट यांनाही सांगितली नाही. नुसती साखर आहे हे माहीत असूनही, हात बांधायच्या आधी पहिली गोळी मी झाकणात घेते, आणि हात न लावता तिच्या जिभेवर टाकते.