समासात गेलेले शब्द

५ जानेवारी
आले एकदाची बोर्ली पंचतनला! कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचं आणि नीराबाईंच्या घरामागच्या खोलीत राहायचं. खिडकीतून नुसती सुपारीची वाडी. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी भात आणि कोलंबीचं कालवण वाढलं, पोट तुडुंब झालं. माझी लेक आरोही मात्र पनवेलला मावशीकडे, तिची नववी आहे. सव्वीस जानेवारीच्या जोडसुट्टीला येईल. तोवर संध्याकाळी करायचं काय, म्हणून तो ठोकळा बाहेर काढला. एका इटालियन कवीने आयुष्यभर स्वतःसाठी लिहिलेली चिंतनाची टिपणं, इंग्रजी अनुवादात. विटेपेक्षा जाड. त्यातली निवडक मराठीत आणायचीच, असं ठरवलंय.

९ जानेवारी
कवी हुशार, पण वाक्य म्हणजे नुसता छळ. कर्ता पानाच्या डोक्यावर, क्रियापद पान उलटल्यावर! माणूस हौसेने धरतो आणि कंटाळून सोडतो, एवढंच सांगायला बाबाने दोन पानं खाल्ली. मी आपली जुनी पद्धत धरली आहे. अडलेल्या इंग्रजी शब्दासमोर समासात पेन्सिलीने मराठी शब्द लिहायचा. इंग्रजीपुढे मी काही हार मानायची नाही.

१३ जानेवारी
वर्गात फजिती. समुद्राचं पाणी चढतं त्याला काय म्हणतात, तेच आठवेना. समोर मच्छीमारांची पोरं, आणि बाई तोंड वासून उभ्या! शेवटी एकीने सांगितलं. ऐकलं आणि लगेच पुन्हा गेलं. इतकी चीड आली स्वतःची, की तास अर्ध्यावर सोडला.

१७ जानेवारी
जेवताना आणखी थोडं ते हवं होतं. ते पांढरं, शिजवलेलं, कालवणाखालचं. बोट दाखवून मागितलं. नीराबाई म्हणाल्या, "बाय, त्या पुस्तकाला जरा इसावा द्या. तुमचं ध्यान थाऱ्यावर न्हाय."
खोलीत येऊन पुस्तक उघडलं. कवी गावाकडच्या जेवणाबद्दल लिहितो, तिथे समासात माझ्या अक्षरात: भात. अक्षरं लावता येतात. पण भात म्हणजे काय? आधीच्या एका पानावर समुद्राचं टिपण, तिथे: भरती. हेही कळत नाही. जे समासात लिहिलं, ते सगळं माझ्यातून गेलंय. मला भीती वाटते.

१९ जानेवारी
खोडरबराने एक शब्द पुसला. वाटलं, परत येईल. आता तो कोणता होता तेसुद्धा— पुस्तक जाळताही येत नाही, माझे शब्द त्यातच अडकलेत. संतापाने भिंतीवर आपटलं. मेलं फाटतही नाही.
आरोहीचा फोन आला. तिचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं, तोंडभरून. आई, असं काय करतेस, म्हणून ती हसली. हे एवढं एक नाव राहू दे. बाकी सगळं ने रे बाबा.

२२ जानेवारी
पेन्सिल वाडीत फेकून दिली. आता नुसते समासातले शब्द पाठ करत बसते, शाळेतल्या पोरीसारखी. पाठ होतात. अर्थ टिकत नाही. नीराबाई समजावतात, तेवढ्यापुरतं कळतं, मग पुन्हा कोरं. रडू येतं. या लाकडी— चार पायांच्या— त्याच्यावर डोकं टेकलंय. आरोहीची सुट्टी जवळ आली. ती आली की सगळं ठीक होईल.

२४ जानेवारी
टेकडीवरच्या वाटेचं टिपण. वर वर चढत जाणारी, अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द. मी काही लिहिलं नाही. लिहायला काही नव्हतंच. पण समासात नखाने कोरलंय, ताजं. माझ्या नखात कागदाचा भुगा.
अक्षर माझंच. आरोही.
वळण छान आहे. हे काय असतं?

२५ जानेवारी
दारात एक मुलगी. पाठीवर पिशवी. नीराबाई तिला ओळखत नाहीत— माझ्याकडे बघतात. मीही—
ती माझा हात धरून रडतेय. एकच शब्द म्हणते. पुन्हा पुन्हा तोच. काय हवंय तिला? मला कळत का नाही!
थांब म्हटलं. बघून सांगते. पुस्तकात असेल.
आहे. समासात. नखाने—
आई.
आई म्हणजे