बेलला हात लावू नकोस

चिरंजीव,

आल्या आल्या त्या कॅमेऱ्याच्या वायरलेस बेलशी झटापट करू नकोस. रोज दुपारी ऑफिसात तुझ्या फोनवर ‘दारात अनोळखी व्यक्ती’ असा अलर्ट येतो, तो खोटा समजून तू बॅटरी बदललीस, सेन्सरची सेटिंग कमी केलीस, आणि पानं हलतात म्हणून माझी कुंडी जिन्यात नेऊन टाकलीस. ती मी परत जागेवर आणली आहे. तिचा काही दोष नाही.

अलर्ट खरा आहे. ती अनोळखी व्यक्ती म्हणजे मी. बेलमध्ये सगळ्यांचे चेहरे भरलेस, अगदी पेपरवाल्याचासुद्धा. माझा फोटो मात्र काढला नाहीस. म्हणालास, “आई कुठे बाहेर जाते?”

जाते. पोहायला जाते. गुडघा दुखतो म्हणून घरात बसा, हे तुझं म्हणणं, डॉक्टरांचं नाही. अलर्ट न उघडताच पुसून टाकतोस, नाहीतर माझे ओले केस कधीच दिसले असते.

आज संध्याकाळची बॅच आहे. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. किल्ली मी मुद्दाम नेलेली नाही. बेल वाजली की मुकाट्याने दार उघड. बाई अनोळखी असेल, पण घर तिचंच आहे.

आई