सायलीचं दप्तर

प्रिय प्रज्ञाताई,

तुम्ही अशा अचानक कायमच्या गेलात आणि तुमच्या समुपदेशनाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. गणिताचे तास तेवढेच, वर हे काम. 'तुमचं मुलांशी जमतं' म्हणे! माझं कुठे जमतं? मी ओरडते. आज मात्र एक निर्णय घेऊन बसलेय आणि तो बरोबर का, हे विचारायला तुमच्याशिवाय कोणी सुचेना. म्हणून लिहितेय.

नववीतली सायली आठवते ना? मांजरी गावची, पहिल्या बाकावर बसूनही कधी न बोलणारी. परवा तिच्या दप्तरात कोयता सापडला. वडील आले, म्हणाले, उसाचा हाय, चुकून आला असंल. त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास दिसत नव्हता. स्टाफरूममध्ये एकच सूर, दाखला हातात द्या, शाळेचं नाव जायला नको. तुम्ही असतात तर कोणाची हिंमत झाली असती का?

मी तिला खोलीत बोलावलं, समोर बसवलं, विचारलं. ती ढिम्म. मग मी चिडले, ती आणखीच मिटली.

तेव्हा तुम्ही आठवलात. शाळा सुटली की कुठल्यातरी पोराबरोबर गाडीतळाच्या बसस्टॉपपर्यंत चालत जायचात. खोली दिलीय, पंखा दिलाय, तरी ह्या बाई आपल्या रस्त्यावर, असं मीच हसून म्हणायचे. समोर बसवलं की मुलांना पोलीस चौकी वाटते, सोबत चाललं की आपसूक बोलतात, एवढंच तुम्ही म्हणायचात.

काल गेले तिच्यासोबत. गुडघे बोंबलत होते. फळांच्या गाड्या संपल्या. सिग्नलला थांबलो तेव्हा बोलली. भावाच्या दोस्तांनी ठेवायला दिला होता, मुलींची दप्तरं कोण तपासतंय! नाही म्हटलं तर भावाला मारतील. आणि रस्त्याकडे बघतच म्हणाली, "मॅडम, मला दाखला दिला तर बरंच होईल. मग दप्तरच नसेल ना."

सिग्नल सुटलेलाही मला कळला नाही.

संध्याकाळी तिच्या आईवडिलांना घेऊन चौकीत गेले. तिथल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं, भावालाही बोलावून घेतलं. आज मीटिंगमध्ये मी सांगितलं, सायली शाळेतच राहील. तिला काढलंत तर दिवसभर ती त्या पोरांच्या हाती. बराच वाद झाला. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, ठीक आहे, पण रोज गेटवर सगळ्यांसमोर तिचं दप्तर तपासायचं. मी नाही म्हटलं.

"मग जबाबदारी तुमची."

"माझीच," म्हणाले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. दमलेय हो.

असली ओझी घेऊन तुम्ही रोज घरी कशा जात होतात? डोळे लाल दिसले की डोकं दुखतंय म्हणायचात, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगायचात, आणि आम्ही शहाण्यांनी ते खरं मानलं. एकदा तरी सांगायचं होतंत! मला राग आहे तुमचा. अजून आहे.

तुमच्यासारखी गोड मी काही होणार नाही. ओरडेन, चिडेन. पण उद्यापासून सायलीला मी गाडीतळावरून घेऊन येईन आणि सुटल्यावर सोडायला जाईन. दप्तर तिच्याच खांद्यावर असेल. ते मी उघडून बघणार नाही. भीती वाटते, फार वाटते. तरी नाही बघणार.

तुमची चिडकी,
वैशाली