चंद्र दिसला की तिकीट

रमजान २, कुवेत

या ईदला घरी, इजिप्तला, मन्सूराला जायचं, ठरलं. मागच्या चार ईद हुकल्या. दोष माझा नाही, विमानभाड्याचा आहे.

आईला फोन करून येतो म्हणालो, इन्शाल्ला. ती म्हणाली, इन्शाल्ला म्हणजे नाही, हे मला तुझ्या बापाने लग्नाच्या वर्षीच शिकवलं. तारीख सांग, मग काहक बिस्किटांसाठी तूप आणते. तारखेशिवाय मी पीठ मळत नाही.

आज तिकीट काढणं हा शुद्ध मूर्खपणा. माझा सिद्धांत असा: ईदच्या आत घरी पोचायचं म्हणून सगळे एकोणतिसाव्या रोज्याच्या आधी उडतात आणि विमान कंपन्या त्यांना सोलतात. पण एकोणतीसच्या संध्याकाळी चंद्र दिसला नाही, तर एक रोजा वाढतो. त्या जादा दिवशी विमानं रिकामी. सीट शिळ्या पावाच्या भावात. तेव्हा चंद्र दिसेपर्यंत थांबायचं.

शहाता (खोलीतला सोबती, दक्षिण इजिप्तमधल्या सोहागचा) म्हणाला, आणि चंद्र दिसला तर? मी म्हणालो, माणसाने वाईट विचार करू नये. त्याने स्वतः रजबमध्येच, म्हणजे रमजानच्या दोन महिने आधी, तिकीट काढून ठेवलंय. सोहागची माणसं उतावळीच.

रमजान ६

भाडं वाढलं. हा फुगवटा आहे, भित्र्या लोकांसाठी केलेला. वेबसाइट माझा मोबाइल ओळखते असं वाचलं, म्हणून शहाताच्या मोबाइलवर पाहिलं. तेवढंच. बहुतेक खोलीही ओळखते.

निश्चय: बुधवारपर्यंत भाडं बघायचं नाही.

दुपारी पाहिलं. आणखी वाढलं.

रमजान ११

आईसाठी मखमली गाऊन घेतला, वांगी रंगाचा. स्वस्तातल्या तिकिटावर बॅगेचे वेगळे पैसे पडतात. तोड काढली आहे: गाऊन कोटाच्या आत घालून जायचं. शहाता म्हणाला, म्हणजे इंजिनियरसाहेब आईचा गाऊन घालून पासपोर्टवर शिक्का मारून घेणार. मी म्हणालो, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. तो म्हणाला, तत्त्वाला लेस पण लावलेली दिसते.

आईला फोन. खोकत होती. भिंतीला चुना दिलाय, त्याची धूळ, म्हणाली. तारीख विचारली. मी चंद्राचा सिद्धांत समजावला. ती म्हणाली, चंद्र तुझ्या खिशात आहे का रे? माझ्या तोंडून निघून गेलं, नक्की येतो. इन्शाल्ला न लावता. ती म्हणाली, बरं. तू चंद्र बघ, मी तूप बघते.

रमजान १५

आईचा फोन बहिणीने उचलला. इनायत म्हणाली, आई झोपलीय. भर दुपारी. चांगलं आहे, रोजेदाराची झोपही इबादतच. मागे कुणीतरी भोंग्यावर डॉक्टरांना नाव घेऊन बोलावत होतं. इनायतला मालिकांचं वेड आहे. रमजानमध्ये तर प्रत्येक घरात टीव्ही चालूच.

रमजान १९

भाडं दुप्पट. नवीन योजना: पार दक्षिणेला आस्यूतला उतरायचं आणि रेल्वेने उलटं वर यायचं. शहाता म्हणाला, बाबा रे, शेजारच्या दारात जायला गावाला वळसा का? त्याला भूगोल कळतो, अर्थशास्त्र कळत नाही.

इनायतचा आपणहून फोन. विचारत होती, तुझा पासपोर्ट तुझ्याकडे असतो की कंपनीकडे? मी ओळखलं, मेहुण्याला इकडे नोकरीला पाठवायचा विचार दिसतो. सांगून टाकलं की व्हिसा आता सोपा नाही. ती म्हणाली, नाही रे, सहज विचारलं. आई झोपली होती.

रमजान २३

आज आई बोलली. आवाज लहान येत होता, लाइन खराब. जेवतोस ना, असं दोनदा विचारलं. मी भाड्याची परिस्थिती सांगितली. ती म्हणाली, घाई करू नकोस सब्री, महाग पडेल.

नोंद करण्यासारखी गोष्ट. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला माझं पटलं. तारीखही विचारली नाही. माझ्या नावातच सबुरी आहे, हे तिनेच ठेवलेलं नाव.

शहाताला हे सांगितलं. तो म्हणाला, आई 'ये' म्हणायची थांबते तेव्हा पळत जावं. सोहागकडे अशा म्हणी पुष्कळ असतात.

रमजान २६

सकाळपासून घरी कुणी फोन उचलत नाही. ईदची साफसफाई असणार. भाडं इतकं वर गेलंय की आता उतरण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. पूर ओसरतोच.

मेहुण्याने शहाताला फोन केला होता, असं शेजारच्या खोलीतला म्हणाला. शहाताला विचारलं. म्हणाला, अत्तराचं काहीतरी विचारत होता. मेहुण्याला अत्तराने शिंका येतात.

रात्री नीट झोप नाही. उकाडा.

रमजान २७

विजय.

मॅनेजरने बोलावून रजा दिली. मी मागितलीसुद्धा नव्हती. माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला. चांगल्या कामाची दखल घेतली जाते ती अशी. ऑफिसात इतरही उठून हात मिळवत होते. कुणी तिकिटाबद्दल सल्ला विचारला नाही, ते मात्र विचित्र. एरवी सगळे मलाच विचारतात.

खोलीवर आलो तर शहाता म्हणाला, कुणीतरी तिकीट रद्द केलं, एजंटने उद्याची सीट दिली. कितीला? म्हणाला, नंतर बघू. मी म्हणालो, बघितलंस? चंद्राचीही गरज पडली नाही. थांबणाऱ्यालाच मिळतं. एवढ्यावर त्याने एक तरी टोमणा मारायला हवा होता. तो माझा शर्ट इस्त्री करत होता.

त्याचं स्वतःचं जाणं रद्द झालं म्हणे. रजबमध्ये तिकीट काढणाऱ्यांचं हे असं होतं. मी त्याला हे सुनावलं. तो म्हणाला, खरंय तुझं.

रमजान २८, विमानतळ

तीन शर्ट, त्यावर गाऊन, त्यावर कोट. घामाने भिजलो. काउंटरवर कळलं की तिकिटात मोठी बॅग धरलेली आहे. आता सगळ्यांसमोर कोट कोण काढणार?

रद्द झालेल्या तिकिटावर माझं नाव सुरुवातीपासून कसं? आणि भाडं पूर्ण छापलंय. एजंट लोकांची पद्धत असेल.

शहाताने बॅग उचलली. सोडताना मिठी मारली. मी म्हणालो, अरे, ईद झाली की परत येतोय. तो म्हणाला, माहीत आहे. आणि तोंड फिरवलं. रमजानमध्ये माणसं मऊ होतात.

आईला मेसेज केला: निघालो, पीठ मळ.

रमजान २९, मन्सूरा

काल रोजा सुटल्यावर गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंनी खुर्च्या मांडलेल्या, वर दिव्यांच्या माळा, कापडाचा मांडव. वाटलं, यंदा ईदची तयारी लवकर. मग खुर्च्यांवरची माणसं एकेक करून उठू लागली. कुणीतरी हातात कॉफी दिली. बिनसाखरेची होती, मयताच्या घरी देतात तशी.

इनायतने आत नेलं. कोटाची बटणं तिने काढली. आतला गाऊन पाहून ती खाली बसली आणि बराच वेळ मखमलीवरून हात फिरवत राहिली.

आई सव्वीसला पहाटे गेली. चौदापासून दवाखान्यात होती. रोज बजावायची म्हणे, सब्रीला कळवू नका. कळलं तर घाबरून महागाचं तिकीट काढेल.

स्वयंपाकघरात तुपाचा डबा आहे. अकरा तारखेला आणलेला. सील तसंच. या घरी यंदा काहक होणार नाही.

संध्याकाळी मेहुण्याने रेडिओ लावला. चंद्र दिसला नाही. उद्या आणखी एक रोजा.

म्हणजे उद्या विमानं रिकामी येणार. भाडं किती उतरलं ते पाहिलं नाही.